निळ्या बोटावरची शाई

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चिंगीने वाचून दाखवलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा मी स्टोव्हला पंप मारत होते आणि अर्धं ऐकूच आलं नाही.

निवडणुकीची गल्लीत काय हवा आहे म्हणून विचारतोस. हवा कसली डोंबलाची! आमची गल्ली या वेळी मत देणार नाही. एकही जण नाही. पूल पडला तिथे नाल्याच्या काठावर उभं राहून सगळ्यांनी शपथ घेतली. गेलेल्या नऊ जणांची नावं घेतली. तुझ्या भावोजींचं नाव आलं तेव्हा पहिला हात मी वर केला आणि म्हटलं, पूल नाही तर मत नाही. मग सगळ्यांनी केले.

तुला आठवत असेल, भावोजी मतदानाच्या दिवशी कसे सकाळीच अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघायचे. जसं काही कोणी ओवाळायलाच उभं आहे तिथे. बोटाची शाई दोन दिवस मिरवायचे. मिरवायचे म्हणजे काय, रंगखान्यात काम करणाऱ्याच्या निळ्या बोटावर ती कोणाला दिसणार? तेच आपले दाखवत सुटायचे. आणि त्या बदल्यात काय मिळालं? दर निवडणुकीच्या आधी पुलाच्या कठड्याला नवा रंग. वरून रंग आणि खालून गंज. सकाळच्या पाळीची माणसं निघाली आणि पूल खाली बसला. ज्यांना मत दिलं त्यांनीच मारलं, धाकट्या. आता पुन्हा त्यांच्या दारात कागद टाकायला मी जाणार नाही.

तू जेवणखाण वेळेवर कर. खोकला गेला का ते कळव.

तुझी ताई

(मामा, ‘डोंबलाची’ हे आईनेच सांगितलंय, मी आपली लिहिणारी. मी रंगखान्यात लागले. बाबांच्याच निळीच्या हौदावर. माझे हातही आता निळे झालेत, साबणाने घासले तरी जात नाहीत. – चिंगी)

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. खोकला गेला. खोलीत आम्ही सहा जण, त्यामुळे एकाचा गेला की दुसऱ्याला होतो, पण सध्या माझी पाळी नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. एक फरशी तिरकी बसली, ती उखडून पुन्हा घालावी लागली, वर मिस्त्रीच्या शिव्या खाल्ल्या. ताई, तुझं दुःख मला कळतं. पण रागाच्या भरात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नका.

इथली गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात इथल्या लोकांचं मतदान झालं. आम्ही एका शाळेत फरशी घालत होतो, त्याच शाळेत मतदान. सकाळी एक अधिकारी आला आणि म्हणाला, तुम्ही बाहेर व्हा, तुम्ही इथले नाही. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. लोक येत होते, मी घातलेल्या फरशीवर चिखलाचे पाय देत आत जात होते. इथे मला मत नाही कारण मी परका, आणि आपल्याकडे माझं नाव काढून टाकलं कारण मी तिथे राहत नाही. म्हणजे मी कुठलाच नाही. ज्याला दात नाहीत त्यालाच चण्याची चव विचार, ताई.

आणि एक विचार कर. उभं कोण आहे? एकीकडे रंगखान्याच्या मालकाचा मेहुणा, ज्याने पुलाला रंग फासला. दुसरीकडे दवाखान्यातल्या नर्सबाई. सगळी गल्ली घरी बसली तर कोणाचं फावणार? मेहुण्याचंच ना? मग ही शपथ काढली कोणी? मला वाटतं रंगखान्याच्या मुकादमाने. मालकाचं मीठ खाणारा माणूस तो. त्याच्या नादी लागू नका. तू तरी लागू नकोस.

तुझा धाकटा

६ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

मुकादम मालकाचं मीठ खातो म्हणतोस. आम्ही सगळेच खातो, तूही खाल्लंस. त्याचा मुलगा त्या पुलावर होता, हे तुला कळवायचं आमच्याकडून राहून गेलं असेल. एकुलता एक. तीन दिवसांनी सापडला. तो माणूस रोज कामावर जाण्याआधी नाल्यापाशी उभा राहतो आणि मग हौदावर येतो. शपथ त्याने काढली हे खरं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चार मुलखांपलीकडे बसून तू त्याच्यावर चिखल उडवू नकोस.

नर्सबाई चांगल्या आहेत, मी कुठे नाही म्हणते? पण तुझे भावोजीही प्रत्येक वेळी म्हणायचे, हा माणूस बरा आहे. बरी माणसं तिथे जातात आणि आपल्याला विसरतात. आम्ही कोणीच गेलो नाही तर निदान पेटी रिकामी निघेल. रिकामी पेटी बघून तरी त्यांना लाज वाटेल. आमच्याकडे द्यायला दुसरं आहे काय? तेवढं आम्ही देणार नाही, बस.

आता या विषयावर लिहू नकोस. बाकी खुशाल.

ताई

मामा, यापुढचं आईने सांगितलेलं नाही. ती पाणी भरायला गेलीय.

पूल पडला त्या दिवशी नर्सबाई कमरेइतक्या पाण्यात उतरल्या होत्या. बाबांना काठावर आणलं ते त्यांनी. त्यांच्या साडीचा पदर फाडून बाबांचं तोंड पुसलं. मी समोर होते. मी यंदा अठरा पूर्ण केली, माझं नाव पहिल्यांदाच आलंय. मला वाटतं बाबा असते तर धुतलेला शर्ट घालून गेले असते. पण आईने त्यांच्या नावानेच हात वर केला. दोघांचं ऐकायचं कसं? गल्लीला कळलं तर आम्हाला इथे राहता येणार नाही. तू सांग मी काय करू. – चिंगी

१७ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. मुकादमाबद्दल बोललो ते चुकलं. त्याच्या मुलाचं मला माहीत नव्हतं. त्याला माझा निरोप सांग, नाहीतर राहू दे, निरोप तरी कुठल्या तोंडाने सांगायचा.

मताचं आता काही बोलत नाही. तुमचा निर्णय तुमच्यापाशी. इकडे उन्हाळा सुरू झाला. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर काम आहे, लिफ्ट नाही, फरशीचे गठ्ठे पाठीवर. पण वरून समुद्र दिसतो. तेवढीच चैन.

चिंगे, आता इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस. मनातल्या मनात वाच.

तू जा. तुला विचारावंसं वाटलं यातच उत्तर आहे. आईचा राग खरा आहे, पण रिकाम्या पेटीची लाज कोणालाही वाटत नाही गं. रिकामी पेटी म्हणजे त्यांच्या लेखी कटकट मिटली. तू बापाच्या नावाने जा. आणि घाबरू नकोस. शाई कुणाला दिसणार? मीही त्याच हौदांवर चार वर्षं काढली आहेत. आपल्या बोटांवर देवाने लिहिलं तरी वाचता यायचं नाही. जा, शिक्का मार, परत ये. कोणाला सांगू नकोस, आईलाही नको. तिला उगाच घोर.

मामा

२ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मतदानाच्या दिवशी सगळी गल्ली नाल्याच्या काठावर दिवसभर बसून होती. कोणी जेवलं नाही. पेपरवाले आले, फोटो काढून गेले. मुकादमाने भाषण केलं नाही, नुसता बसला होता. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी मला रडू आलं, आणि बरं वाटलं.

ताई

मामा!! आई झोपलीय. मी जाऊन आले.

आईसाठी गोळी आणते म्हणून काठावरून उठले. मतदान रंगखान्यामागच्या वखारीत होतं, मी हौदांच्या बाजूने मागच्या दाराने गेले. कोणी म्हणजे कोणी नव्हतं. आत एक अधिकारी खुर्चीत झोपलेला, एक पोलीस चपला काढून बसलेला. मला बघून दोघेही असे उठले की टेबलावरचा चहा सांडला. शाईच्या बाटलीचं झाकणच निघेना. गडबडीत मी उजवाच हात पुढे केला, तर बोट धरून अधिकारी बघतच राहिला आणि म्हणाला, ‘पोरी, याच्यावर मी शाई लावू कुठे?’ मला इतकं हसू आलं! शेवटी नखाच्या मुळाशी लावली त्याने. निळ्यावर काळं, काही म्हणजे काही दिसत नाही.

शिक्का नर्सबाईंच्या नावापुढेच मारला. बाहेर आले तेव्हा वाटलं, बाबा फाटकापाशी उभे असतील. – चिंगी

१२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं. तुला रडू आलं हे वाचून मलाही बरं वाटलं. इतके दिवस तू दगडासारखी झाली होतीस. निकाल काय लागला ते कळव.

चिंगे, हे मनातल्या मनात. शाब्बास! मी तुझं पत्र खोलीतल्या पाचही जणांना वाचून दाखवलं. शाईच्या बाटलीचं ऐकून सगळे लोळलो. आम्हा सहा जणांत एकालाही कुठे मत नाही, पण त्या दिवशी वाटलं की सहाही जणांनी दिलं. तुला येताना चांगलं घड्याळ आणीन. भावोजींच्या धुतलेल्या शर्टावर शोभलं असतं असं.

मामा

१० मे

ती. ताईस,

महिना होत आला, पत्र नाही. दोन पाठवली, त्यांचंही उत्तर नाही. मेहुणा निवडून आल्याचं आपल्याकडच्या एकाकडून कळलं. व्हायचं ते झालं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुझी तब्येत बरी आहे ना? चिंगीला सांग, दोन ओळी खरड. तिचं अक्षर दिसलं की मला घर दिसतं.

धाकटा

२२ मे

महाशय,

हे पत्र गल्लीच्या तोंडाशी बसणारा घड्याळजी लिहीत आहे. आपल्या ताई समोर बसल्या आहेत. त्या सांगतील तेवढंच लिहितो, माझ्या पदरचं काही नाही.

धाकट्या,

चिंगीचं अक्षर तुला दिसणार नाही. का, ते ऐक.

पेट्या मोजल्या तेव्हा आमच्या गल्लीची पेटी रिकामी नव्हती. आत एक कागद निघाला. एकच. त्यावर नर्सबाईंच्या नावापुढे शिक्का. मेहुण्याच्या माणसांनी ते सगळ्या गावभर हसून सांगितलं, की बघा यांची शपथ, नऊ मढी आणि एक मत. मुकादमाच्या तोंडावर हसले. ते त्याला सोसलं नाही.

त्याने सगळ्यांना रंगखान्याच्या अंगणात बोलावलं. ज्यांचे हात स्वच्छ असतात, हे घड्याळजी, शिंपी, दोन म्हाताऱ्या, त्यांची बोटं बघून त्यांना सोडून दिलं. राहिलो आम्ही निळ्या हातांचे. आमची बोटं कोण वाचणार? मुकादम म्हणाला, ब्लीचचा हौद आहे की. कोरं कापड पांढरं करायचं पाणी. निळा त्यात जातो, मतदानाची शाई जात नाही. तू होतास तेव्हा तो हौद नव्हता. शाई दिसणार नाही हे तुला सुचलं, पण रंगखान्यात रंग काढायचंही पाणी असतं हे नाही सुचलं.

‘मी पहिला’ असं म्हणून त्याने कोपरापर्यंत हात घातले. बाहेर काढले तेव्हा लालबुंद होते, पण निळ्याचा मागमूस नव्हता. मग बायका एकेक करून पुढे झाल्या. कोणी ओरडलं नाही. एकीचं लेकरू रडत होतं तेवढंच.

चिंगी माझ्या मागे होती. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. मला तेव्हाच समजलं. खरं सांगायचं तर आधीच समजलं होतं. मला वाचता येत नाही, पण पान किती भरलंय ते दिसतं. तुझं मार्चातलं पत्र तिने अर्ध्यावर वाचून थांबवलं आणि उरलेलं पान डोळ्यांनी वाचत बसली. मी विचारलं नाही. आपल्याला वाटतं, पोरीला मामाशी काही बोलायचं असेल. विचारलं असतं तर.

मी पुढे झाले आणि म्हणाले, मत मी दिलं. मुकादम म्हणाला, ‘वहिनी, पहिला हात तुम्ही वर केला होता.’ मी म्हटलं, मीच दिलं, जे करायचं ते करा. तो म्हणाला, मग दाखवा. मी हात घातले. आग आग झाली. आणि बाहेर काढले तेव्हा बोटं कोरी. एक डाग नाही.

माझं खोटं पडलं, धाकट्या. आणि आई खोटं कोणासाठी बोलते हे कळायला कोणाला शाळेत जावं लागतं? मी तोंड उघडलं नसतं तर कदाचित रांग अर्ध्यावर मोडली असती, बायका वैतागल्याच होत्या. मी वाचवायला गेले आणि मीच तिच्याकडे बोट दाखवलं. सगळ्या अंगणाने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

तिला कोणी ढकललं नाही. हे तुला मुद्दाम सांगते. ती स्वतः आली, मला बाजूला केलं आणि हात घातले. बाकीच्यांना लागला त्याहून जास्त वेळ ठेवले. कोणी म्हणे, अजून निळंच आहे. कोणी म्हणे, नखापाशी रंगच असेल, अजून थोडं. तिनेही काढले नाहीत. मी ओढत होते आणि दोन बायका मला धरून होत्या. रोज माझ्याबरोबर एका डब्यात जेवणाऱ्या बायका. मुकादम ‘पुरे’ म्हणाला तेव्हा कातडी सुटली होती. शाई तेवढी होती. नखाच्या मुळाशी, जशीच्या तशी.

हरलेल्या नर्सबाई रोज येऊन पट्टी बदलतात. त्यांनी एकदाही विचारलं नाही की मत कोणाला होतं. उजव्या हाताची दोन नखं गळाली, त्यातलं एक तेच. चिमटीत काही धरता येत नाही. असे हात रंगात घालता येत नाहीत म्हणून कामावरून कमी केलं. गल्लीत आमच्याशी कोणी बोलत नाही. मुकादम एकदा दारात आला होता. त्याच्याही हातांना पट्ट्या. म्हणाला, ‘माझ्या मुलाच्याच वर्गात होती ही.’ एवढंच बोलला आणि गेला. मी त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

तू तिला काय लिहिलंस ते सगळं तिने मागाहून मला सांगितलं. तुझ्यावर मी रागावले आहे. फार रागावले आहे. मतापायी नाही. तुझं म्हणणं खरं असेलही, रिकाम्या पेटीची लाज कोणाला वाटली नसतीच. पण ते तू माझ्याशी बोलायला हवं होतंस. मी शिव्या घातल्या असत्या, तू घातल्या असत्या, भांडलो असतो. तू माझ्या पाठीमागे माझ्या पोरीला पुढे केलंस आणि सातव्या मजल्यावरून समुद्र बघत बसलास.

आता पत्र पाठवू नकोस. वाचणारी आहे, पण कागद धरवत नाही.

ताई

३ जून

ताई,

तू नको म्हणालीस तरी लिहितो. घड्याळजींना सांग वाचायला, आणि सगळं मोठ्याने वाचायला सांग.

मला मत नव्हतं म्हणून मी तिच्या बोटाने दिलं. दुसरं काही नाही. खोलीत वाचून दाखवलं, हसलो, आणि तिकडे पोरगी हौदापाशी उभी होती. मी येतो. मिस्त्रीने कागदपत्रं ठेवून घेतली आहेत, काम संपल्याशिवाय देत नाही, पण मी काहीतरी करतो. तुम्ही दोघी इकडे या म्हटलं असतं, पण इथे मलाच जागा नाही. दारातच उभं ठेवलंस तरी चालेल. शिव्या घाल. गप्प राहू नकोस.

धाकटा

१९ नोव्हेंबर

मामा,

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय, आणि घड्याळजींनी चिकटपट्टी गुंडाळून पेन जाड करून दिलंय. एक ओळ लिहायला चहा थंड होतो.

तुझी पत्रं सगळी मिळाली. आई घड्याळजींकडून वाचून घ्यायची आणि घडी करून ठेवायची. उत्तर द्यायला सांगायची नाही. पण फेकली एकही नाही. मिस्त्रीकडून कागदपत्रं परत मिळाली नाहीत म्हणून तुला येता आलं नाही, हे आम्हाला समजलं. तू काही पळून गेलेला नाहीस.

मी नर्सबाईंच्या दवाखान्यात बसते. नंबर पुकारते, दार उघडते. गल्लीतल्या बायका आजारी पडल्या की यावंच लागतं, मग माझ्याकडे न बघता नंबर सांगतात. परवा एकीने बघितलं.

पूल झाला नाही. लोक अजून वळसा घालून जातात. आणि गंमत ऐक. वरची मोठी निवडणूक आता फेब्रुवारीत आहे, तर मेहुण्याची माणसं येऊन गेली. पूल तर नाही, दोन्ही काठांवर नुसते दोन खांब उभे आहेत. त्या खांबांना रंग लावून गेली. पिवळा. मी आईला सांगितलं तेव्हा ती किती तरी दिवसांनी हसली, आणि मग हसायची थांबेचना, मलाच तिला गप्प करावं लागलं.

मुकादमाने काठावर पुन्हा सभा बोलावलीय. या वेळी शपथ घेणार की नाही हे कोणालाच माहीत नाही. त्यालाही नसावं. आईला मी विचारलं, तू या वेळी हात वर करशील का? ती म्हणाली, माझे हात बघू आधी वर होतात का.

आई शेजारीच बसलीय. हे सगळं मी तिला मोठ्याने वाचून दाखवतेय, एक ओळही गाळत नाही. तिने तुला आशीर्वाद सांगितलाय. आणखी काही सांगू का विचारलं तर म्हणाली, नको, एवढा पुरे.

नवं नख आलंय. थोडं वाकडं आहे, पण पांढरं. रंगखाना सुटल्यापासून हातही पांढरेच राहतात. आता शाई लावली तर गल्लीच्या त्या टोकावरूनही दिसेल. जायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. या वेळी तू काही सांगू नकोस.

चिंगी